कोईंचा हिवाळा, न्यू जर्सीतला

तळ्याच्या पाण्याचं तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की आमच्या घरी हिवाळा सुरू होतो, कॅलेंडर काहीही म्हणो. मध्य न्यू जर्सीत हे साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर होतं. मेपलची झाडं तेव्हा ऐन रंगात असतात, शेजारी दारात भोपळे मांडत असतात आणि मी तळ्याच्या काठाशी बसून, दोरीला बांधलेला थर्मामीटर वर ओढून वाचत असते. हवेच्या तापमानावर माझा भरवसा नाही. हवा दुपारी वीसवर जाते आणि रात्री चारवर येते. पाणी सावकाश निवत जातं, आणि माशांचं सगळं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं.

तळं आम्ही खणलेलं नाही. घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात ते होतंच, कोई माशांसकट. चौदा फूट लांब, नऊ फूट रुंद, मध्यभागी चार फूट खोल. पाणी अदमासे अकरा हजार लिटर. मासे सात. पांढऱ्या अंगावर लाल डाग असलेले दोन कोहाकु, काळा-लाल-पांढरा एक शोवा, सोनेरी झाक मारणारे तीन ओगोन आणि एक तपकिरी चागोई. चागोई दिसायला साधा, पण सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत धीट. उन्हाळ्यात हातातून दाणे घ्यायला पहिला तोच येतो आणि त्याच्यामागून बाकीचे. आधीच्या मालकीणबाईंनी किल्ल्या देताना मला एवढंच सांगितलं होतं की तळं गोठल्यावर माशांसाठी फारसं काही करता येत नाही, जे करायचं ते पानगळीत. त्यांच्या बोलण्यातला अर्थ मला पहिल्याच हिवाळ्यात कळला. दुसरी अर्धी गोष्ट, म्हणजे खरा धोका बर्फ वितळल्यावर असतो, ही कळायला वसंत यावा लागला.

आपल्याकडे मत्स्यशेती करणारे ज्याला सायप्रिनस म्हणतात, त्या कार्प माशाचीच कोई ही रंगीत जात. जपानच्या निगाता प्रांतातल्या डोंगराळ गावांत, यामाकोशीच्या परिसरात, शेतकरी पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांजवळच्या तळ्यांत खाण्यासाठी कार्प पाळत. हिवाळ्यात प्रचंड हिम पडून वाटा बंद व्हायच्या, तेव्हा ताटात मासा असावा म्हणून. एकोणिसाव्या शतकात त्यांतच लाल-पांढरे मासे निपजले, लोकांनी ते निवडून वाढवले आणि १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ते बाहेरच्या जगाने पाहिले. म्हणजे हा मूळचा हिमाच्या मुलखातला मासा. तरीही तिथले पैदासकार आजही ऑक्टोबरात चिखलतळ्यांतून मासे काढून पहिल्या हिमापूर्वी आतल्या हौदांत हलवतात. २००४ च्या २३ ऑक्टोबरला यामाकोशीला भूकंपाने उद्ध्वस्त केलं, तेही नेमक्या याच हंगामात. माझ्याकडे आतला हौद नाही. माझे मासे बाहेरच राहतात, म्हणून माझी सगळी भिस्त त्या चार फुटांच्या खोलीवर.

पंधरा अंशांवर मी खाणं बदलते. उन्हाळ्याचे भरपूर प्रथिनांचे दाणे बंद करून गव्हाच्या अंकुराचे, पचायला हलके दाणे सुरू करते, तेही दिवसातून एकदाच, दुपारी. कार्प जातीच्या माशाला जठर नसतं. अन्न थेट आतड्यात जातं, आणि गार पाण्यात आतड्याचं काम इतकं मंदावतं की खाल्लेलं दिवसचे दिवस तसंच पडून राहू शकतं. पाणी १० अंशांवर, म्हणजे इथल्या भाषेत पन्नास फॅरनहाइटवर आलं की खाणं पूर्ण बंद. मार्च-एप्रिलपर्यंत एक दाणाही नाही.

हे आमच्या सासूबाईंना पटायला फार जड गेलं. त्या वाईच्या. कृष्णेच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालण्यात त्यांचं बालपण गेलं. नोव्हेंबरातल्या एका उबदार दुपारी चागोई वर येऊन तोंड उघडझाप करत होता, आणि त्या वाटीत कणीक घेऊन दारात उभ्या.

"अगं, चार महिने उपाशी ठेवायचं? जीव आहेत ते. बघ कसा मागतोय."

"आई, तो मागतोय, पण त्याला पचणार नाही. पोटात कुजेल."

"मग जगणार कशावर?"

"उन्हाळ्यात अंगावर साठवलंय त्यावर. सप्टेंबरात तुम्हीच म्हणालात ना, किती गुटगुटीत झालेत म्हणून!"

त्यांनी वाटी आत नेली. मन काही मानलं नाही त्यांचं, पण त्यानंतर रोज सकाळी चहा घेता घेता त्याच मला थर्मामीटर वाचायला सांगू लागल्या आणि आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत लिहू लागल्या. त्या नोंदी आज माझ्या फार कामी येतात. पाणी दहाच्या खाली कोणत्या आठवड्यात जातं आणि परत वर कधी येतं, हे मला त्या चौकटींतूनच कळतं.

पानगळीतलं मोठं काम म्हणजे पानं पाण्यात पडू न देणं. आमच्या मागे दोन ओक आहेत, आणि ओक आपली पानं सगळ्यांत शेवटी सोडतो. म्हणून जाळी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच लावते आणि डिसेंबर उजाडेपर्यंत काढत नाही. जाळी सरळ पाण्यावर पसरून भागत नाही. ओल्या पानांच्या वजनाने ती पाण्यात उतरते आणि पानं तिथेच मुरतात. आम्ही पीव्हीसी पाइपच्या कमानी करून त्यांच्यावर ती ताणतो, म्हणजे पानं उतारावरून काठाकडे घसरतात. तळाशी आधीचा जो काळा गाळ असतो, तो पाणी अजून बरं असताना, दाणे बंद होण्याच्या आधी, व्हॅक्यूमने ओढून काढते. कुजणारा गाळ प्राणवायू खातो आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू सोडतो. उघड्या पाण्यातून ते उडून जातात. वर बर्फाचं झाकण बसलं की ते तिथेच कोंडतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मलाही आधी उलटंच वाटायचं. हिवाळ्यात पाण्यात प्राणवायू कमी पडत नाही. गार पाण्यात तो जास्त विरघळतो. शून्य अंशाला लिटरमागे सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम, पंचवीस अंशांना जेमतेम सव्वाआठ. आणि गारठलेल्या माशाला लागतोही थोडाच. बर्फात भोक ठेवायचं ते मुख्यतः आतले वायू बाहेर जावेत म्हणून.

मग पंप. धबधबा मी नोव्हेंबरअखेर बंद करते. दिसायला गोठलेला धबधबा सुंदर, पण वाहतं पाणी गार हवेत आणखी निवतं, आणि दगडांवर बर्फाचे बांध तयार झाले की पाणी वाट बदलून तळ्याबाहेर वाहू लागतं. तळं एका रात्रीत अर्धं होऊ शकतं. पाइप रिकामे करते, अल्ट्राव्हायोलेट दिव्याची काचनळी तडकू नये म्हणून तो तळघरात नेते, फिल्टरचे स्पंज धुऊन सुकवते. फिल्टरमधले, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू दहा अंशांखाली मंदावतात आणि चार-पाच अंशांवर जवळपास थांबतात. मासे खात नाहीत म्हणून त्यांच्यावाचून तेव्हा अडत नाही.

एअर पंप मात्र चालू राहतो, पण बुडबुडे सोडणारा त्याचा सच्छिद्र दगड तळातून उचलून काठाजवळच्या फूटभर खोलीच्या कट्ट्यावर ठेवते. यामागचं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून गार पाणी हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. म्हणून शांत तळ्यात वर बर्फ असतानाही तळाशी चारच्या आसपासचा थर टिकून राहतो, आणि मासे त्या थरात असतात. तळातून बुडबुडे सोडले तर तो थर वरच्या गारठ्यात मिसळतो आणि सगळं तळं एक-दोन अंशांवर येतं. तेवढ्या गारठ्यात कोईंचा तोल जातो, ते आडवे होतात. बर्फ ही तळ्याची गोधडीच आहे, ती ओढून काढायची नाही. फक्त एका कोपऱ्यात तिला खिडकी ठेवायची. त्या खिडकीसाठी तरंगता हीटर आहे, तीनशे वॅटचा. तो तळं गरम करत नाही, स्वतःभोवतीचं वर्तुळ तेवढं उघडं ठेवतो. अखंड चालला तर दिवसाला सात युनिटं. आणि वायर जिथे पाण्याजवळून जाते तिथे अर्थ गळती झाली की वीज तोडणारा सॉकेट हवाच, त्यात काटकसर नको.

पाण्याची कार्बोनेट क्षारता मी जाळी काढायच्या सुमाराला तपासते. पाऊस आणि वितळलेलं हिम हे मऊ पाणी, त्याने ती घसरत जाते, आणि ती संपली की पीएच एकदम कोसळतो. कमी असेल तर खाण्याचा सोडा, थोडा थोडा, चार-पाच दिवसांत विभागून.

डिसेंबरात सगळे सात तळाशी, सर्वांत खोल जागी एकमेकांना टेकून बसतात. पर अंगाशी मिटलेले, कल्ल्यांची हालचाल कितीतरी वेळाने. उन्हाळ्यात असा मासा दिसला तर मी घाबरून जाईन. त्या दिवसांत त्यांची हीच रीत. पाणी काचेसारखं नितळ असतं तेव्हा, शेवाळ नाही, गढूळपणा नाही, त्यामुळे मला ते छान दिसतात, आणि बगळ्यालाही दिसतात. इथला मोठा निळा बगळा आपल्याकडच्या राखी बगळ्याचा थोरला भाऊ शोभावा असा. नद्या गोठल्या की उघडं पाणी शोधत फिरतो. माझी हीटरची खिडकी त्याला आयतीच. म्हणून पानांची जाळी काढली की तिच्या जागी खिडकीपुरती जाड जाळी येते.

२०२२ च्या नाताळाच्या आधी, २३ डिसेंबरला, सकाळी पाऊस होता आणि हवा दहा अंशांच्या आसपास. रात्रीपर्यंत ती उणे दहाच्याही खाली गेली, सोबत सोसाट्याचा वारा. कुठे कुठे झाडं पडली, आणि संध्याकाळी आमची वीज गेली. हीटर बंद, एअर पंप बंद. बॅटरीवरचा छोटा एअर पंप अशा वेळेसाठीच ठेवलेला होता, तो लावला. तरी पहाटेपर्यंत खिडकीवर बोटभर बर्फ धरला होता. शेजारचे गृहस्थ सकाळी फावडं घेऊन मदतीला आले. मनाचे फार चांगले, पण मी त्यांना हात जोडून थांबवलं. बर्फावर घाव घातला की त्याचा हादरा पाण्यातून थेट माशांपर्यंत जातो. माशाच्या दोन्ही कुशींवर कंपनं जाणवणारी संवेदनरेषा असते, आणि गारठलेल्या माशाला त्या धक्क्यापासून पळायची ताकद नसते. त्याऐवजी गॅसवर पातेलंभर पाणी उकळलं आणि ते पातेलं तसंच बर्फावर टेकवलं. ओतायचं नाही, नुसतं टेकवायचं. पाणी कोमट झालं की आत नेऊन पुन्हा उकळायचं. आई चुलीपाशी, नवरा पातेलं नेणारा, मी काठावर. दुपार होण्याआधी खिडकी मोकळी झाली.

खरं तर एक रात्र बर्फ बंद राहिला म्हणून निरोगी, स्वच्छ तळ्यातले मासे मरत नाहीत. ते मला तेव्हाही माहीत होतं. आठवडेच्या आठवडे बंद राहिला आणि खाली पानांचा खच असला तर मात्र मरतात. पण वीज कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं, आणि खाली सात जीव होते. हातावर हात ठेवून बसणं मला जमलं नसतं.

जानेवारी-फेब्रुवारीत हिमाचा थर पडला की अर्ध्या तळ्यावरून मऊ झाडूने तो हलकेच बाजूला सारते, आत उजेड जावा म्हणून. ड्राइव्हवेवर टाकायचं मीठ तळ्याच्या बाजूला येणार नाही एवढं पाहते. बाकी काही नाही. पाण्यात हात घालत नाही, पाणी बदलत नाही, काठावर पाय आपटत नाही.

मार्चमध्ये बर्फ गेला आणि सगळे सात पोहताना दिसले तेव्हा घरात केवढा आनंद झाला! आई देवापाशी साखर ठेवून आल्या. आणि दोन आठवड्यांनी लहान कोहाकु काठावरच्या दगडाला अंग घासताना दिसला. मग तो मधूनच उसळून पाण्याबाहेर झेप घेऊ लागला. त्याच्या कुशीवर, पांढऱ्या भागात, एक लालसर वर्तुळ होतं, मधले खवले थोडे उचललेले.

माशांना सर्वांत अवघड काळ जातो तो हा. पाणी पाच-सहा अंशांच्या वर गेलं की एरोमोनास नावाचे जिवाणू आणि कातडीवरचे परजीवी कामाला लागतात. माशांची प्रतिकारशक्ती मात्र बारा-तेरा अंशांपर्यंत जेमतेम जागी होते. मधल्या या पट्ट्यात तळं किती दिवस रेंगाळतं, यावर सगळं अवलंबून. आणि आमच्याकडचा वसंत म्हणजे दोन दिवस ऊन, तीन दिवस पुन्हा गारठा. मासे महिनोन् महिने उपाशी, अंगावरची चरबी सरत आलेली, आणि पाणी सात, नऊ, सहा, आठ असं झुलत राहतं.

माशांच्या डॉक्टर आहेत इथे, घरी येतात. त्यांनी अंगणातल्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला, कोहाकुला गुंगीच्या औषधाच्या पाण्यात ठेवून अंगावरचा चिकट थर काचपट्टीवर घेतला आणि मला बघायला बोलावलं. पानाच्या आकाराचे पारदर्शक जीव संथ घसरत होते. चिलोडोनेला. हा परजीवी गार पाण्यातच बळावतो. त्याने कातडी सोलवटली आणि त्या जखमेत जिवाणू शिरले.

तळ्यासाठी त्यांनी पोटॅशियम परमँगनेट सांगितलं, हजार लिटरला दोन ग्रॅम. अकरा हजार लिटरला बावीस. किराणा तोलायचा काटा चालत नाही, ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो, आणि तळ्याचं माप अंदाजे असून चालत नाही. जास्त झालं तर कल्ले भाजतात. पाणी जांभळं झालं तेव्हा आई म्हणाल्या, "हे तर आमच्या आडात टाकायचे ते!" खरंच, वाड्यावाड्यांतल्या विहिरींत पडायचं तेच हे औषध. एअर पंप जोरात चालू ठेवून आम्ही दोघी काही तास काठावर बसून माशांकडे बघत होतो.

कोहाकुला गॅरेजमधल्या मोठ्या टबात आणलं. तळ्याच्याच पाण्यात, तळ्याच्याच तापमानाला. मग रोज एक-दोन अंश असं चढवत पाणी वीसच्या वर नेलं, कारण जखम भरायची तर त्याच्या शरीराला ऊब हवी. लिटरला तीन ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ. जखम डॉक्टरांनी साफ करून तिच्यावर प्रोपोलिसचा, म्हणजे मधमाश्यांच्या डिंकाचा, लेप दिला, आणि ठरावीक अंतराने प्रतिजैविकाची इंजेक्शनं त्यांनीच येऊन दिली. टबाच्या फिल्टरमध्ये जिवाणू तयार नव्हते, म्हणून मी रोज अमोनिया तपासून पाणी बदलत असे, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारून. टबावर जाळी बांधलेली, कारण ऊब मिळालेला कोई उडी मारतोच. कडा पांढरी होऊन जखम आत आत मिटू लागली आणि त्याने पहिला दाणा घेतला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेअखेर तळं स्वतःच वीस अंशांच्या जवळ पोचलं, तेव्हाच त्याला परत सोडलं. आधी सोडलं असतं तर त्या तफावतीनेच तो पुन्हा आजारी पडला असता.

तेव्हापासून माझी वसंतातली पद्धत बदलली. फेब्रुवारीच्या मध्यावर पाइपच्या त्याच कमानींवर पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे बसवते, एका टोकाला हवा खेळायला जागा सोडून. दिवसाचं ऊन आत साठतं, रात्रीचा वारा लागत नाही, आणि तापमानाची ती वर-खाली आंदोलनं बरीच कमी होतात. तळं तो वाईट पट्टा लवकर ओलांडतं. सलग आठवडाभर पाणी दहाच्या वर राहिल्याशिवाय दाणे देत नाही. एका उबदार दुपारीवर विसंबायचं नाही, ती फसवते. पहिल्यांदा हलके दाणे, पाच मिनिटांत संपतील इतकेच. फिल्टर मार्चअखेरच सुरू करून ठेवते, म्हणजे खाणं वाढेल तसे जिवाणूही तयार होत जातात, आणि एप्रिलभर अमोनिया-नायट्राइट दर दोन-तीन दिवसांनी बघते.

गेल्या जूनमध्ये तळ्यात पिल्लं निघाली, त्यांतली बरीच तगली आहेत. आमच्या मराठी मंडळातल्या एका कुटुंबाने नवं तळं करायला घेतलंय आणि त्यातली चार-पाच मागितली आहेत. मी त्यांना खोली विचारली. अडीच फूट, म्हणाले. मासे द्यायला मी आनंदाने तयार आहे, आधी मध्यभागी निदान चार फूट खणून घ्या, म्हटलं.